हसले तरी अपराधी वाटतं, आक्का

पत्र:

«आक्का, सलाम. मी खानापूर तालुक्यातली. आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डर होते, साचे करायचे. दीड वर्षामागं दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातनं तीनदा बेळगावला डायलिसिस. काम सुटलं. मी शिलाई करते, दोन पोरं शाळेत आहेत. आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं चांगली आहेत, खरं सगळी एकच सांगतात, विश्वासणाऱ्यानं रडायचं नसतं, ‘सर्वदा आनंद करा’ असं लिहिलंय. एकीनं तर विचारलं, घरात काही पाप लपलंय काय बघा. बाहेरच्या एका सभेत सांगितलं, मशीन सोडा, पूर्ण विश्वास ठेवा. मला रात्री झोप नाही. तीनला जाग येते ती येतेच. उपासनेत गीत सुरू झालं की माझं तोंडच उघडत नाही. परवा बसमध्ये ह्यांनी कंडक्टरची नक्कल केली, ‘मुंदक होग्री, पुढं सरका की ओ’, आणि आम्ही दोघं लई हसलो. घरी आल्यावर मला अपराध्यासारखं झालं. रडले तर विश्वास कमी, हसले तर नवऱ्याची काळजी नाही. माझा विश्वास मेला काय, आक्का?»

उत्तर:

सलाम, ताई.

तुमच्या प्रश्नाकडे येते, पण त्याआधी सभेतल्या त्या सांगण्याबद्दल बोलायला हवं, कारण ते जिवावरचं आहे. डायलिसिस सोडायचं नाही. एक पाळीसुद्धा चुकवायची नाही. किडनी काम करत नसली की अंगात पाणी साठतं, ते छातीत उतरतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि चालतं हृदय बंद पडू शकतं. याला महिने लागत नाहीत, काही दिवस पुरतात. ज्यानं तुम्हाला मशीन सोडायला सांगितलं तो त्या रात्री तुमच्या दारात नसेल. ज्याची पत्रं बायबलात आहेत त्या प्रेषित पौलाबरोबर हिंडणारा लूक वैद्य होता. कलस्सैकरांच्या पत्रात पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. पौलानं त्याला कधी औषधाची पेटी फेकून दे असं सांगितल्याचं कुठं लिहिलेलं नाही. प्रार्थना करा, तेल लावून करा, उपास धरून करा, आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी मशीनजवळ जा. या दोन गोष्टींमध्ये भांडण नाही.

दुसरं, ते पापाचं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू सांगतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. आणि बायबलातल्या त्या सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. मग तोंड उघडलं आणि तू काहीतरी केलं असशील म्हणून त्याला सोलून काढलं. पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही. इतकी वर्षं बायबल हातात असून ही गोष्ट आपल्या माणसांना का दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आजारी माणसाच्या बायकोला तिच्याच घरात पाप शोधायला लावणं हे क्रूर आहे, मग ते कितीही गोड आवाजात म्हटलेलं असो. ते तुम्ही मनावर घेऊ नका. परत कोणी विचारलं तर योहान नऊ काढून हातात द्या आणि शिलाईला बसा.

आता ‘सर्वदा आनंद करा’. हे वचन तुम्हाला इतक्यांदा ऐकवलंय की आता ते कानावर आलं तरी अंगावर काटा येत असेल. म्हणून एक विनंती करते. ते वचन ज्या पत्रातलं आहे ते पत्र पूर्ण वाचा. फिलिप्पैकरांस पत्र. चारच अध्याय आहेत, खानापूर सोडल्यापासून बेळगावचा स्टँड येईपर्यंत वाचून होतं. आणि वाचताना लिहिणारा कुठं बसलाय ते ध्यानात ठेवा. पौल तुरुंगात आहे. सुटका होईल की मरण येईल ते त्याला माहीत नाही, आणि तो ते झाकतही नाही. पहिल्याच अध्यायात दोन्ही शक्यता मांडतो.

दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाचा एक माणूस येतो. फिलिप्पैच्या मंडळीनं पौलाच्या मदतीला पाठवलेला. तो इतका आजारी पडला की मरणाच्या दारात गेला. देवानं त्याला वाचवलं, आणि पौल काय लिहितो बघा: देवानं माझ्यावरही दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे एक दुःख आधीच होतं. सर्वदा आनंद करा असं लिहिणाऱ्याच्या पदरात दुःख आहे आणि आजारी सोबत्याच्या काळजीनं त्याचा जीव वरखाली झालेला आहे. तिसऱ्या अध्यायात तर तो सरळ सांगतो की हे मी रडत सांगतोय. आनंदाची आज्ञा आणि डोळ्यांतलं पाणी एकाच पत्रात आहे, ताई, एकाच माणसाचं आहे. ज्यांनी तुम्हाला रडू नका म्हणून सांगितलं त्यांनी चौथ्या अध्यायातली एक ओळ उचलली आणि आधीचे तीन अध्याय घरी ठेवून आले.

आणखी एक. ती ओळ पौलानं एकट्या बाईला उद्देशून लिहिलेली नाही, अख्ख्या मंडळीला लिहिलेली आहे. त्याच चौथ्या अध्यायात थोडं पुढं गेलं की आभार सुरू होतात. माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत, मी थेस्सलनीकात होतो तेव्हाही तुम्ही माझी गरज भागवायला एकदोनदा पाठवलंत. पैसे पाठवलेत म्हणून आभार मानलेत, ताई. ज्या मंडळीला तो आनंद करा म्हणतो, तिनं आधी पैसा पाठवला होता, माणूस पाठवला होता, आणि तो माणूस पाठवण्याच्या पायी जवळजवळ गमावला होता. मग तो आनंद. तुमच्या मंडळीनं पहिली अर्धी गोष्ट न करता दुसऱ्या अर्ध्याची मागणी तुमच्याकडे केली आहे, म्हणून ती जड जाते. तुमच्या विश्वासात खोट आहे म्हणून नव्हे.

तुम्ही विचारलंत, विश्वास मेला काय. मेलेल्या विश्वासाला असा प्रश्न पडत नाही. जी बाई रात्री तीनला उठून देवाशी भांडते ती देव आहे असं धरूनच भांडते. बायबलातली स्तोत्रसंहिता काढा. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. तेराव्या स्तोत्रात दावीद ‘कोठवर?’ असं पुन्हा पुन्हा विचारतो. ४२ व्यात माणूस म्हणतो की रात्रंदिवस माझे अश्रू हेच माझं अन्न झालंय. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळही येत नाही, आणि तरीही ते बायबलात आहे. आज बेळगावात मराठी, कन्नड, कोंकणी, इंग्रजी अशा चार भाषांत उपासना होते आणि चारही भाषांत हे ‘कोठवर’ मोठ्यानं वाचलं जातं. ते तुमच्या तोंडी आलं तर त्यात विश्वासाला कमीपणा कुठं आला?

आणि प्रभू स्वतः. त्याचा मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेजवळ ‘येशू रडला’. पुढच्या घटकेला तो लाजराला उठवणार होता, हे त्याला ठाऊक होतं, तरी आधी रडला. वधस्तंभावर त्यानं म्हटलेलं वाक्य बाविसाव्या स्तोत्रातलं आहे: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्द त्याला चालले असतील तर तुम्हाला चालतील. उपासनेत तोंड उघडत नसेल तर नका उघडू. उभ्या राहा, नाहीतर बसून राहा. तुमच्या वाटचं गीत शेजारची म्हणेल. मंडळी त्यासाठीच असते. ज्या आठवड्यात एकीचा आवाज बसलेला असतो त्या आठवड्यात बाकीच्या तिला ओढून नेतात, आणि पुढं कधीतरी उलटं होतं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य तुम्हाला ठाऊक असेल, निदान त्यांनी उभारलेलं केडगावचं मुक्ती मिशन तरी ऐकलेलं असेल. जन्म १८५८ चा, आताच्या कर्नाटकातल्याच घाटातल्या रानात. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. आई गेली तेव्हा तिला न्यायला चार खांदे मिळेनात. दोन माणसं कशीबशी तयार झाली, तिसरा भाऊ, आणि चौथ्या टोकाला स्वतः रमाबाई. उंची पुरेना म्हणून त्यांनी आपल्या वाटचं ओझं डोक्यावर घेतलं. पुढं भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला, पदरात तान्ही मुलगी. ख्रिस्ताकडे त्या आल्या त्या या सगळ्यानंतर. १९२१ मध्ये ती मुलगी, मनोरमा, तीही आईच्या आधी गेली. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, तोवर मूळ भाषांमधून मराठीत बायबल आणण्याचं काम त्या करत होत्या. हे मी ‘बघा त्या कशा खंबीर’ म्हणून सांगत नाही. त्यांनी त्या दुष्काळातली उपासमार आणि आईबापांचे मृत्यू स्वतःच्या हातानं सविस्तर लिहून ठेवले, काही झाकलं नाही, म्हणून सांगते. प्रभूमध्ये आपल्याला मिळालेल्या धनाबद्दल लिहिणारी आणि त्या चौथ्या टोकाबद्दल लिहिणारी बाई एकच. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुलींना घेऊन आली, कारण भूक म्हणजे काय ते तिला माहीत होतं. तिला जे सांत्वन मिळालं ते असं दुसऱ्यांपर्यंत गेलं. तुमच्यावर आत्ता असलं काही लादायचं नाही. आत्ता तुम्ही घेणाऱ्या आहात, आणि घेणं हेही विश्वासाचंच काम आहे.

आता त्या हसण्याकडे येते, कारण पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे, आणि तुम्ही ती चुकीच्या खात्यात लिहिली आहे.

चार तास मशीनला बांधून घेऊन, रक्त धुऊन, पायातलं बळ गेलेला माणूस बसमध्ये बसतो. दिवसाला मोजून पाणी प्यायचं, मीठ तोडायचं, आवडीचं निम्मं सोडायचं. हातातलं काम गेलं, आणि मोल्डरच्या हातातलं काम गेलं म्हणजे काय ते उद्यमबागेत ज्यांची घरं चालतात त्यांना विचारा. अशा माणसानं तुमच्याकडे बघून तुम्हाला हसवायचं ठरवलं. त्याच्याजवळ त्या वेळी तुम्हाला द्यायला दुसरं काही नव्हतं, ते त्यानं दिलं. आणि तुम्ही ते घेतलंत. तो अपराध नाही. लोक ज्याला प्रभूमधला आनंद म्हणतात तो बहुतेक वेळा असाच येतो, सभामंडपात टाळ्यांच्या गजरात येतो त्याहून कितीतरी जास्त वेळा. आजार तसाच असतो, शनिवारी परत जायचंच असतं, आणि तरी मध्येच हसू फुटतं. पौलाला एक काटा होता शरीरात, म्हणजे न सुटणारा त्रास. तो काढून टाक म्हणून त्यानं तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ मला वाटतं ती कृपा त्या दिवशी तुमच्या शेजारच्या सीटवर बसली होती आणि कंडक्टरच्या आवाजात बोलत होती.

पुढच्या वेळी हसू आलं की थांबवू नका. घरी आल्यावर अपराधी वाटायला लागलं तर देवाला एवढंच सांगा, आज आम्ही हसलो, आभार. लांब प्रार्थनेची गरज नाही. रडू आलं तर तसंच, आज मला जमत नाहीये. दोन्ही त्याच्याकडेच जातं. आणि पोरांसमोर दोन्ही होऊ द्या. आईबाप फक्त रडताना दिसले की पोरं भितात, आणि ते कधीच रडताना दिसले नाहीत तर पोरं एकटीच रडायला शिकतात.

झोपेचं मात्र मला बरं वाटत नाही. एलीया संदेष्टा इतका खचला होता की झुडपाखाली बसून त्यानं मरण मागितलं. देवदूत आला तो उपदेश करायला आला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या ठेवला, ऊठ, खा म्हणाला. तो जेवला आणि परत झोपला. परत उठवून परत जेवायला घातलं, कारण वाट लांबची होती. देवाशी बोलणं त्याच्या नंतर झालं. तुमचीही वाट लांबची आहे, म्हणून आधी झोप आणि जेवण. ह्यांना मशीनवर घेतलं की त्या चार तासांत तिथं बाकड्यावर ताठ बसून राहू नका, डबा खा आणि डोळा लागला तर लागू द्या. दोन आठवडे झाले आणि झोप, भूक, कशातच मन लागत नाही असं चालूच राहिलं, तर तुमच्या डॉक्टरांना स्वतःबद्दल सांगा, फक्त ह्यांच्याबद्दल नको. १४४१६ हा सरकारच्या टेलीमानसचा, मन खचलं तर बोलायचा नंबर आहे, फुकट आहे, रात्री तीनलाही कोणीतरी उचलतं, आणि भाषा निवडता येते. जगूच नये असं एकदा जरी मनात आलं तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा आणि घरातल्या कोणाला तरी उठवा. देवाचा धावा करणं आणि हा नंबर फिरवणं यातही भांडण नाही.

पैशाचं तुम्ही फार लिहिलं नाहीत, पण शिलाईवर घर आणि दवाखाना चालतो म्हणजे काय ते कळतं. बीपीएल रेशनकार्ड असेल तर जिल्हा रुग्णालयात डायलिसिस मोफत मिळण्याची सोय आहे. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात. आत्ता जिथं जाता तिथं याबद्दल विचारलंय का? नसेल तर आधारकार्ड, रेशनकार्ड आणि शेवटचे रिपोर्ट एका पिशवीत घालून एकदा चौकशी करून या. शक्ती योजनेत तुमचं बसचं तिकीट लागत नाही, ह्यांचं लागतं, आणि आठवड्याला तीनदा जाऊन येऊन ते साठत जातं. हे पैसे मंडळीनं द्यावेत असं मला वाटतं. पाळकसाहेबांना जाऊन सांगा. लाज वाटेल, तरी सांगा. पौलानं घेतले, त्याचे आभार लिहून ठेवले, आणि ते आपण दोन हजार वर्षं वाचतोय.

सांगताना ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढंच म्हणून परत येऊ नका, नाहीतर सगळे मान हलवतील आणि तुम्ही परत तीनच्या बसला एकट्याच उभ्या असाल. नेमकं मागा. शनिवारी ह्यांच्याबरोबर कोणीतरी पुरुष माणूस जाईल काय, म्हणजे मला अर्धा दिवस शिलाई मशीनवर बसता येईल. गुरुवारी संध्याकाळी पोरांना कोणाकडे तरी जेवू घालाल काय. रोप लावणीच्या दिवसांत माणसं शेतात अडकलेली असतात हे मला माहीत आहे, पण महिन्यातला एक शनिवार सगळ्यांकडे असतो. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारात आमच्या मंडळीतली एक बाई येऊन काही न बोलता भांडी घासून जायची. तिनं कधी वचन म्हणून दाखवलं नाही. त्या दिवसांत मला देव जवळ आहे असं वाटलं असेल तर ते तिच्यामुळे.

आणि तुमच्या प्रार्थनासभेतल्या बायका हे सदर वाचत असतील, म्हणून दोन शब्द त्यांनाही. बायांनो, तुमचा हेतू वाईट नाही, हे या ताईनं स्वतः लिहिलंय. पण ‘आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा’ हेही पौलाचंच आहे, रोमकरांच्या पत्रात. पुढच्या वेळी तिच्याकडे जाल तेव्हा वचन सांगायच्या आधी तिच्याजवळ बसा, आणि ती रडली तर रडू द्या. ती हसली तर का हसतेस असं मनातसुद्धा आणू नका. जायच्या आधी फोन करून वार विचारून घ्या, मशीनच्या दिवशी संध्याकाळी ते थकलेले असतात. आजाऱ्याला भेटायचं म्हणून हातात शहाळं किंवा केळी घेऊन जाऊ नका, त्यातलं पोटॅशियम त्यांना बाधतं. त्यांना काय चालतं ते तिलाच विचारा, तिला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. पोरांसाठी मात्र डबा भरून न्या, आणि रिकामा डबा परत आणायला म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.

— तुमची आक्का